दीड महिन्याच्या डोसाला आईलाही दहा प्रश्न विचारावेत का?

वैशाखी: माझी धाकटी जाऊ बाळंत झाली तेव्हाची गोष्ट. बाळ गाढ झोपलेलं आणि ही रात्री तीनला मोबाईलची बॅटरी लावून त्याची छाती हलतेय का बघत बसलेली. रोज. आम्ही म्हणायचो, पहिलटकरीण आहे, काळजी वाटणारच. दीड महिन्याने डोसाला नेलं. बाळाचं वजन झालं, कार्ड भरलं. तिला कोणी एक शब्द विचारला नाही. आम्हीही नाही. चौथ्या महिन्यात म्हणाली, "मी नसले तर बाळाचं बरं होईल." तेव्हा कुठे आमची धावपळ सुरू झाली.

बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची एडिनबरो प्रश्नावली १९८७ पासून आहे. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, पाच मिनिटांचं काम. गरोदरपणात एकदा आणि डोसाच्या वेळी एकदा, प्रत्येकीला विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत बाळंतपणानंतर पाचातल्या जवळपास एकीला मानसिक त्रास होतो.

देशमुखकाका: मला पटत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू बहुतेकींना येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. माझ्या दोन्ही मुलींना आलं होतं. सव्वा महिना माहेरी शेक, मालिश, डिंकाचे लाडू, आई उशाशी. त्यात त्या सावरल्या. आणि डोसाच्या रांगेत सासू शेजारी उभी असताना कोण खरं सांगेल? समजा सांगितलं, तर तालुक्याला मानसोपचाराचा डॉक्टर कुठे आहे? नुसता शिक्का बसेल पोरीवर.

वैशाखी: काका, दोन आठवड्यांत ओसरलं नाही तर काय, हाच तर माझा प्रश्न आहे. माझी जाऊही माहेरीच होती. लाडूही होते.

आशाताई_मराठवाडा: मी आशा आहे. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. काकांचं सासूबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं. "उदास वाटतं का?" विचारलं की "नाही ताई, बरी हाय" हेच येतं. म्हणून सासूबाई चहा टाकायला आत गेल्या की मी हळूच विचारते, "बाळ झोपल्यावर तुला झोप लागती का?" एकजण काहीच बोलली नाही, दुपट्याची तीच घडी घालत आणि मोडत राहिली. मी दुसऱ्या दिवशी परत गेले.

डॉ_स्त्रीरोग: प्रश्नावलीत गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नाही, पुढे नीट बोलायचं एवढंच. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासा. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी नैराश्यावरची औषधं आहेत, सर्ट्रालीन त्यातलंच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तालुक्यातूनही लागतो. पण बाळंतीण झोपेविना बडबडतेय, बाळ आपलं नाहीच म्हणतेय, तर प्रश्नावली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हजारात एक-दोघींना असं होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत.

देशमुखकाका: अंगावर पाजताना औषध चालतं हे मला माहीत नव्हतं. आशाताई करतात तसं घरी, एकटीला गाठून विचारा, त्याला माझा होकार आहे. दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराबद्दलचा आहे म्हणतात. तो रांगेत, चार लोकांत विचारायला मात्र माझा अजूनही विरोध आहे.

वैशाखी: रांगेत नको, मान्य. वजनकाट्यामागे पडदा लावून एक खुर्ची तर ठेवता येईल ना?