मदत हवी आहे: स्टॅटिक बायनरी दुसऱ्या ग्लिबसीवर क्रॅश होते

सी मधला छोटा प्रोग्रॅम आहे. डेबियन १२ वर (ग्लिबसी, म्हणजे बहुतेक लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी, २.३६) स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्ररी बायनरीतच भरून, एकच फाइल सगळ्या सर्व्हरवर टाकतो. अल्मालिनक्स ८ वर (ग्लिबसी २.२८) ती 'गेटपीडब्ल्यूनॅम' (नावावरून युजरची माहिती देणारं फंक्शन) कॉल होताच सेगफॉल्ट देते, म्हणजे मेमरीच्या चुकीने बंद पडते. लिंक करतानाच लिंकरने इशारा दिला होता की चालवताना त्याच आवृत्तीची शेअर्ड लायब्ररी लागेल. तो मी गांभीर्याने घेतला नाही.

जीडीबी या डीबगरमध्ये पाहिलं तर क्रॅश एनएसएसचं (युजरची माहिती कुठून घ्यायची ते ठरवणारी ग्लिबसीची यंत्रणा) एसएसएस मॉड्यूल (एसएसएसडी सेवेला विचारणारं) डीएलओपनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, लोड होताना होतो. एनएसस्विच फाइलीत (एनएसएसची सेटिंग फाइल) 'पासडब्ल्यूडी' ओळीवर फक्त 'फाइल्स' (स्थानिक फाइली) ठेवलं की सुरळीत चालतं. म्हणजे बायनरीतली २.३६ आणि मॉड्यूलमागून येणारी २.२८ एकाच प्रोसेसमध्ये भिडतात, असं मला वाटतं.

मसल लिबसीने (ग्लिबसीऐवजी वापरता येणारी छोटी सी लायब्ररी) बिल्ड करून पाहिलं. क्रॅश थांबला, पण एलडॅपमधले (नेटवर्कवरच्या मध्यवर्ती यादीतले) युजर सापडत नाहीत, कारण मसल एनएसएस मॉड्यूल वापरतच नाही. एनएससीडी (अशी माहिती साठवून देणारी पार्श्वभूमी सेवा) असतं तर मसलने त्याला विचारलं असतं, पण या सर्व्हरवर ते चालू नाही.

जुन्या ग्लिबसीवर डायनॅमिक बिल्ड करा, हा सल्ला माहीत आहे. पण काही मशीन अल्पाइन लिनक्सच्या आहेत, तिथे ग्लिबसीच नाही. रूट अ‍ॅक्सेस नाही, त्यामुळे नवीन पॅकेज टाकता येत नाही आणि एनएसस्विचही कायमचं बदलता येत नाही.

आता एकच मार्ग दिसतो: मसलची स्टॅटिक बायनरी ठेवायची आणि युजरची माहिती सिस्टिमचा 'गेटएंट' (युजर शोधून दाखवणारी कमांड) वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून घ्यायची. कुणी प्रॉडक्शनमध्ये असं केलं आहे का? की ग्लिबसी स्टॅटिक ठेवूनही एनएसएसचं डीएलओपन टाळता येतं?