सल्ला हवा : शनिवार-रविवारसाठी उघड्या छताची, चार आसनी, जुनी गाडी

लीड्सकर :

नमस्कार मंडळी. आम्ही गेली नऊ वर्षे लीड्सला राहतो. रोजच्या वापराची इस्टेट (मागे सामानाला लांब जागा असलेली) गाडी घरात आहे आणि ती राहणारच आहे. आता केवळ सुट्टीच्या भटकंतीसाठी उघड्या छताची एक जुनी गाडी घ्यावी, असा विचार पक्का होत आला आहे. आम्ही दोघे आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुले, त्यामुळे मनात असूनही माझदा एमएक्स-५ सारखी दोन आसनी गाडी घेता येत नाही. मर्यादा ९,००० पौंडांची आहे. गाडी वर्षाला फार तर ४,००० मैल चालेल, तीही बहुतेक यॉर्कशर डेल्समध्ये, बटरटब्ज घाटातून स्वेलडेलमध्ये उतरणाऱ्या रस्त्यासारख्या वाटांवर. वर्षातून दोन-तीनदा हॅरोला बहिणीकडे जाणे होते. फोक्सवॅगन इऑस, बीएमडब्ल्यूची ई९३ (३ सिरीजमधली उघड्या छताची) आणि ऑडी ए५ या तिघींपाशी मी अडकलो आहे. इथल्या पावसात कापडी छतापेक्षा पत्र्याचे घडीचे छत अधिक भरवशाचे, असे मला वाटते. ते बरोबर आहे का?

ओलेपायपुसणे :

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण निवड त्याच्यावरच ठरेल. नव्या गाडीत पत्र्याचे छत उत्तम. दहा-बारा वर्षांच्या गाडीत मात्र जितके सांधे तितकी पाणी शिरण्याची ठिकाणे. इऑसचे छत पाच तुकड्यांचे आहे आणि त्यातच सरकणारी काचही बसवलेली आहे. इतक्या लांबीच्या रबरी पट्ट्यांना आधीच्या मालकाने वेळच्या वेळी वंगण लावले नसेल, तर पाणी कुठून येते हे शोधण्यातच तुमचे शनिवार जातील. ई९३ चे छत उघडले की ३५० लिटरची डिकी २१० लिटरवर येते. चौघांचे रेनकोट आणि जेवणाचा डबा ठेवायचा कुठे, हा प्रश्न मग दर सहलीला पडेल. शिवाय ती आपल्याच पक्क्या छताच्या कूपे भावंडापेक्षा सुमारे २०० किलोंनी जड आहे आणि घाटातल्या वळणांवर ते वजन जाणवते. ए५ चे छत कापडी, आतून जाड अस्तराचे, आणि ५० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीतही उघडते. मी तिच्याच बाजूने आहे.

गाडी पाहायला जाताना मात्र आधी छत पाहावे आणि मग इंजिन. इंजिनाचा आजार बहुतेक मेकॅनिक ओळखतात, छताचा फारच थोडे. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जावे. दाराची मूठ ओढली की चौकट नसलेली काच बोटभर खाली सरकली पाहिजे आणि दार लावल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात घट्ट बसली पाहिजे. ती सरकत नसेल, तर वारा आणि पाणी दोन्ही तिथूनच येणार. पायाखालचे गालिचे नुसते पाहू नयेत, तळहात दाबून पाहावेत, कारण वरून कोरडा दिसणारा गालिचा खालच्या स्पंजात पाणी धरून असतो. डिकीतली चटई उचलून खालचा खड्डाही तपासावा. छताच्या कडेने पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या, की ते पाणी हळूच आतल्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांपर्यंत पोहोचते आणि मग दिवे, कुलपे, छत अशी एकेक गोष्ट रुसू लागते. छत किमान तीनदा उघडून मिटवायला लावावे. पहिल्या वेळी सुरळीत चालणारा हायड्रॉलिक पंप तिसऱ्या वेळी धापा टाकू लागला, तर नमस्कार करून निघावे.

मागच्या_सीटवरून :

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण मुलांचा विचार कोणीच केलेला नाही. या गाड्यांबरोबर मिळणारी वारा अडवणारी जाळी मागच्या आसनांवरच आडवी बसते. म्हणजे मागे मुले असतील तेव्हा ती लावताच येत नाही, आणि ५० मैलांच्या वेगाला मागे बसणाऱ्याच्या कानांत नुसते वादळ असते. (आमची धाकटी गेल्या एप्रिलमध्ये माकडटोपी घालून बसली होती. फोटो गोड आला, प्रवास नाही.) या एका बाबतीत २०१० पासूनची मर्सिडीजची ई-क्लास, म्हणजे ए२०७, वेगळी आहे. तिच्यातल्या एअरकॅप या सोयीमुळे पुढच्या काचेच्या माथ्यावर एक पट्टी उभी राहते, मागच्या आसनांच्या पाठीमागे जाळी उठते आणि चौघांवरूनही वारा बराच निघून जातो. ती स्पोर्ट्स गाडी नव्हे, हे मान्य. वळणावर ती खानदानी सोफ्यासारखी वागते. शिवाय मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत बूस्टर सीट (मुलाला उंच बसवणारे जोड-आसन) लागते, तेव्हा ती सोबत घेऊनच गाडी पाहायला जावे.

लीड्सकर :

दोघांचेही मनापासून आभार. जाळीची गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. आता इऑस आणि ई९३ बाद. ए५ घ्यायची झाल्यास कोणत्या वर्षाची आणि कोणत्या इंजिनाची पाहावी?

हिशेबनीस :

पेट्रोलचीच पाहावी. हॅरो लंडनच्या यूएलईझेडमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणाऱ्या क्षेत्रात, येते. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते क्षेत्र लंडनच्या सर्व बरोंना (पालिका विभागांना) लागू आहे. तिथे युरो ४ या प्रदूषण मानकाची पेट्रोल गाडी चालते, डिझेलला मात्र युरो ६ लागते, नाहीतर दिवसाला १२.५० पौंड. ए५ मधले २.० टीएफएसआय हे पेट्रोल इंजिन २००९ ते २०११ च्या गाड्यांत पिस्टन रिंगांमुळे तेल पिण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, म्हणून त्यानंतरची पाहावी आणि मालकाला दर हजार मैलांना किती तेल घालता हे सरळ विचारावे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक ए५ मध्ये मल्टिट्रॉनिक (ठरावीक गिअर नसलेला) गिअरबॉक्स येतो. तो टाळून हाताने गिअर टाकायची गाडी घ्यावी. एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्यात मैलांचा आकडा दरवर्षी नीट चढतो का आणि टायरांच्या आतल्या कडा झिजल्याचा शेरा वारंवार येतो का, हे पाहावे. गाडीवर कर्ज बाकी नाही याची तपासणी मात्र पैसे मोजून करून घ्यावी. त्यात काटकसर नको.

लीड्सकर :

कालच २०१२ ची एक ए५ पाहून आलो. रंग सुरेख, सर्व्हिसिंगच्या नोंदी पूर्ण, आणि मालकाने गाडी आतून नुकतीच धुऊन घेतलेली. डाव्या बाजूच्या गालिच्यावर तळहात दाबला, तर बोटांच्या फटींतून पाणी वर आले. "धुतल्यामुळे ओला असेल," असे ते म्हणाले. उजवीकडचा मात्र खडखडीत कोरडा होता. पुढच्या शनिवारी हॅरोगेटजवळ २०१३ ची दुसरी पाहायची आहे. त्या दिवशी पावसाचा अंदाज असल्याने मालकांनी रविवारी या असे सुचवले. मी शनिवारच कायम ठेवला आहे आणि दोन्ही मुलांना बूस्टर सीटसकट सोबत नेणार आहे.