धागा: मोटर डिझाइन म्हणे संपलेला विषय!

लॅमिनेशन:
परवा एका ग्रुपवर 'गेटड्रायव्हर' यांनी ज्ञान पाजळलं: "मोटर म्हणजे तांबं आणि लोखंड. त्यात संशोधन करण्यासारखं काही उरलेलं नाही. खरी अक्कल कन्व्हर्टरच्या, म्हणजे मोटरला हवी तशी वीज देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हच्या, कंट्रोलमध्ये आहे. पुण्यातल्या पोरांनी मशीन डिझाइनमध्ये एमटेक करून वर्षं वाया घालवू नयेत." खाली अंगठ्यांचा पाऊस. मी उत्तर लिहीपर्यंत तिथे कमेंट्स बंद, म्हणून इथे.

साहेब, तुमचं ते एमटीपीएचं (कमीत कमी करंटमध्ये जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, काढायचं) टेबल येतं कुठून? मॅग्नेट रोटरमध्ये (फिरत्या भागात) किती खोल बसवलाय, फ्लक्स बॅरिअर (चुंबकीय प्रवाह अडवणाऱ्या खाचा) कसे कापलेत, लोखंड किती करंटला सॅच्युरेट होतंय, यावरून. एलडी आणि एलक्यू (रोटरच्या दोन दिशांतले इंडक्टन्स) सारखेच निघाले तर त्यांच्या फरकातून मिळणारा रिलक्टन्स टॉर्क तुमचा कंट्रोलर काय खिशातून काढणार? एप्रिल २०२५ मध्ये चीनने निओडिमियम मॅग्नेटमध्ये लागणारे डिस्प्रोसियम, टर्बियम धरून सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा आकुर्डी-चाकणात 'कोडमध्ये बघून घेऊ' असं कोणी म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. रेअर अर्थ न लागणाऱ्या फेराइट मॅग्नेटचा रेमनन्स (अंगचं चुंबकत्व) ०.४ टेस्लाच्या आसपास, निओडिमियमचा १.२ च्या वर. वर फेराइट थंडीत डीमॅग्नेटाइझ व्हायची भीती, म्हणजे निओडिमियमच्या बरोबर उलटं. अख्खा रोटर नव्याने आखावा लागतो. संपलेला विषय म्हणे!

गेटड्रायव्हर:
माझ्या पोस्टवर स्वतंत्र धागा, धन्य झालो.

आता ऐका. स्विच्ड रिलक्टन्स मोटरचं तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. डेव्हिडसनने स्कॉटलंडमध्ये त्यावर गाडी हलवून दाखवली होती. मॅग्नेट नाही, रोटरवर वाइंडिंग नाही, नुसतं दातेरी लोखंड. मग शंभरावर वर्षं ती धूळ खात का पडली? कारण फेज (वाइंडिंगचा एकेक संच) नेमकी कधी चालू करायची आणि कधी तोडायची, हे सांगणारा कन्व्हर्टर नव्हता. इंडक्शन मोटरचंही तेच. हासे आणि ब्लाश्के यांनी १९७० च्या आसपास फील्ड ओरिएंटेड कंट्रोल (चुंबकत्व आणि टॉर्क वेगवेगळे हाताळायची पद्धत) मांडला आणि त्याच जुन्या मोटरचा टॉर्क डीसी मोटरसारखा हातात आला. लोखंड तेच होतं. बदललं काय ते तुम्हीच सांगा.

लॅमिनेशन:
आणि ती रिलक्टन्स मोटर आजही बोंबलते, ते का? रेडियल फोर्सने स्टेटर (बाहेरचा स्थिर भाग) दाबला जातो म्हणून. पोल आर्क (दात्याची रुंदी) चुकीचा असला की करंटला कितीही आकार द्या, आवाज थोडा कमी होईल, जाणार नाही.

पीएचडी_चालू_आहे:
कंट्रोलच्या संशोधनाबद्दल न बोललेलंच बरं. आमच्याकडे (कॉलेजचं नाव विचारू नका, व्हायवा बाकी आहे) महागडा रिअल टाइम कंट्रोलर कपाटात कुलूपबंद आहे. नॅकची टीम आली की बाहेर, गेली की आत. त्यामुळे सगळे पेपर सिम्युलिंक या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये. डेड टाइम (एक स्विच बंद, दुसरा चालू, यामधला मोकळा क्षण) शून्य, करंट सेन्सरला ऑफसेट नाही, डीसी बस (ड्राइव्हच्या आतला डीसी पुरवठा) धुतल्या तांदळासारखी. प्रेडिक्टिव्ह कंट्रोल म्हणजे काय, तर इन्व्हर्टरच्या आठ अवस्था तपासायच्या, एक निवडायची, कॉस्ट फंक्शनला एक नवं वेट चिकटवायचं, झाला पेपर. स्विचिंग फ्रिक्वेन्सी इकडेतिकडे पळते, त्यावर फिल्टर कसा डिझाइन करायचा, हे कोणी विचारत नाही.

गेटड्रायव्हर:
गाइडवरचा राग इथे काढू नका. आम्ही हार्डवेअरवर करतो.

भोसरी_वाइंडिंग:
मी बारावी नापास, तरी मधे बोलतो. तुम्ही दोघांनी जळलेली मोटर कधी उघडून बघितली आहे का?

ओव्हरलोडने जळते तेव्हा तिन्ही फेज काळ्या पडतात. सिंगल फेजिंग झालं, म्हणजे एक फेज गेली, तर ठरावीक कॉइल काळ्या, बाकीच्या चांगल्या. ड्राइव्हवरची मोटर येते तेव्हा वाइंडिंग नव्यासारखं आणि लाइनच्या बाजूची पहिली कॉइल एका जागी फुटलेली. पाहिजे तर फोटो टाकतो. पूर्वी असली मोटर क्वचित यायची. आता गावोगावी ड्राइव्ह बसलेत आणि बोअरवेलची केबल एवढी लांब. डिझाइनवाले म्हणतात ड्राइव्ह खराब, ड्राइव्हवाले म्हणतात मोटर खराब. आणि मालक म्हणतो वाइंडर चोर.

लॅमिनेशन:
+१. दादांनी सांगितलंय ते शंभर टक्के खरं. केबलमधून लाट मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर धावते. ड्राइव्हचा पल्स ०.२ मायक्रोसेकंदात चढत असेल तर १५ मीटरच्या पुढे मोटरच्या टर्मिनलवर जवळपास दुप्पट व्होल्टेज. ४१५ च्या लाइनला डीसी बस ५८७ व्होल्ट, म्हणजे अकराशेच्या वर, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या कॉइलवर. सिलिकॉन कार्बाइडच्या वेगवान स्विचने तोच पल्स ५० नॅनोसेकंदांत चढवला की चार मीटर केबलही पुरे. तुम्ही एफिशिअन्सीचे आलेख दाखवता, इन्सुलेशन आम्ही निस्तरायचं.

गेटड्रायव्हर:
पल्सची चढण मंद करायला आउटपुट चोक लावा, डीव्ही-डीटी फिल्टर लावा. हा इन्स्टॉलेशनचा प्रश्न आहे, संशोधनाचा नाही.

भोसरी_वाइंडिंग:
चोकचे पैसे तुम्ही देणार का? कोटेशनमधून सगळ्यात आधी चोकच उडतो. आणि वॉरंटीत मोटर आली की 'वाइंडिंग डिफेक्ट' असा शेरा मारून मोकळे. एसीत बसून 'लावा' म्हणायला काय जातं!

गेटड्रायव्हर:
भाषा सांभाळा.

भोसरी_वाइंडिंग:
शिवी दिली का मी?

मेंटेनन्सवाली:
कॉइलचं राहू द्या, बेअरिंगचं बोला. आमच्या प्लांटमध्ये (नाव नाही सांगणार) ब्लोअरच्या मोटरची बेअरिंग सारखी जायची. ग्रीस बदललं, मेक बदलला, अलाइनमेंट लेझरने केली, शेवटी फिटरला मेमो. तो बिचारा निवृत्तीला आलेला माणूस. बेअरिंग कापून बघितली तर रेसवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा. ड्राइव्हमुळे शाफ्टमधून करंट जात होता. नॉन-ड्राइव्ह एंडला इन्सुलेटेड बेअरिंग, शाफ्टला अर्थिंग ब्रश, तेव्हा थांबलं. मेमो मात्र फाइलमध्ये तसाच आहे.

रुळावरचे_काका:
आमच्या वेळी हे लफडंच नव्हतं. १९३० साली डेक्कन क्वीन धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. घाटात रेझिस्टन्समध्ये वीज जाळत नॉच (वेगाची पायरी) वाढवायचा, पण शाफ्ट व्होल्टेज कोणाला ठाऊक होतं? नव्वदच्या दशकात थ्री-फेज इंजिनं आली आणि कम्युटेटर घासायची कटकट गेली, तेवढं कन्व्हर्टरवाल्यांचं श्रेय देऊन टाकतो. बाकी त्या जुन्या मोटरचा आवाज...

मेंटेनन्सवाली:
काका, आवाजाचा वेगळा धागा काढा ना प्लीज.

गेटड्रायव्हर:
ताई, तुमच्या बेअरिंगला कंट्रोलमध्ये उत्तर आहे. साध्या स्पेस व्हेक्टर पीडब्ल्यूएममध्ये (पल्स पाडायच्या नेहमीच्या पद्धतीत) झीरो व्हेक्टर लागला, म्हणजे तिन्ही फेज डीसी बसच्या एकाच टोकाला जोडल्या, की कॉमन मोड व्होल्टेज (तिन्ही फेजमध्ये सारखं असलेलं, बेअरिंगमधून करंट ढकलणारं) डीसी बसच्या निम्म्यापर्यंत जातं. झीरो व्हेक्टर टाळून समोरासमोरचे दोन अॅक्टिव्ह व्हेक्टर वापरले तर एक षष्ठांशाच्या आत राहतं. तेच हार्डवेअर, नुसता कोड. आता बोला.

लॅमिनेशन:
बोलतो की. त्याने करंट रिपल वाढतो, तो लोखंडात उष्णता होऊन आमच्याकडेच येतो. आणि एक षष्ठांश म्हणजे शून्य नव्हे.

मेंटेनन्सवाली:
आणि बाजारातल्या ड्राइव्हच्या कुठल्या पॅरामीटरमध्ये हे ऑन करायचं? माझ्याकडच्या तीनही मेकच्या मॅन्युअलमध्ये नाही.

गेटड्रायव्हर:
मी पेपरबद्दल बोलतोय.

मेंटेनन्सवाली:
तेच तर.

पीएचडी_चालू_आहे:
सर, तुमच्या त्या पेपरमध्ये इन्व्हर्टर ते मोटर केबल किती लांब होती? सहज विचारतोय.

गेटड्रायव्हर:
दीड मीटर. लॅबमध्ये बोअरवेल खणू का?

भोसरी_वाइंडिंग:
खणू नका. माझ्याकडे सबमर्सिबलची भंगारातली पाच एचपी मोटर आहे, चांगल्या वाइंडिंगची. तुमचा कोड आणि तुमचा ड्राइव्ह घेऊन या, शंभर मीटर केबलवर चालवू. कॉइल टिकली तर तुमची पोस्ट प्रिंट काढून दुकानात लावतो.

गेटड्रायव्हर:
झीरो व्हेक्टरच्या युक्तीने पहिल्या कॉइलवरचं व्होल्टेज कमी होत नाही, ते फक्त कॉमन मोडसाठी आहे. कॉइल लॅमिनेशन साहेबांच्या खात्यात टाका. बेअरिंगचं बघायचं असेल तर येतो. ऑसिलोस्कोप आणि डिफरन्शियल प्रोब माझे.

लॅमिनेशन:
कॉइल आमच्या खात्यात, हे लेखी दिल्याबद्दल आभार. स्क्रीनशॉट घेतलाय. मीही येतो.

भोसरी_वाइंडिंग:
गुरुवारी या, एमआयडीसीला सुट्टी असते, अर्धं शटर वर ठेवतो. महावितरणची दुरुस्तीही गुरुवारीच निघते, म्हणून निघायच्या आधी फोन करा. आणि केबल तुम्ही आणायची.