हिऱ्याच्या थरावर मोजलेला प्रवाह अनुकंपी चेतेतल्या नॉरअॅड्रेनालिनचाच आहे, हे कसे ठरवावे?

हिरकणी (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची पदार्थविज्ञानाची आहे आणि बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या पातळ थरांवर पीएच.डी. करते आहे. टोकदार केलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेन आणि हायड्रोजनच्या मिश्रणातून हा थर वाढवायचा, बाजू झाकून फक्त टोक उघडे ठेवायचे, ते टोक उंदराच्या आतड्याच्या पडद्यातील बारीक धमनीला अलगद टेकवायचे आणि धमनीच्या भिंतीतल्या अनुकंपी चेता (धमनी आकसवणारे सिम्पथेटिक मज्जातंतू) विजेने चेतवल्यावर सुटणाऱ्या नॉरअॅड्रेनालिन या संदेशवाहक रसायनाच्या ऑक्सिडीभवनाचा प्रवाह मोजायचा, असे कामाचे स्वरूप आहे. कल्पना आमची नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात ग्रेग स्वेन आणि जेम्स गॅलिगन यांच्या गटांनी असे इलेक्ट्रोड वापरून हे काम आधीच करून दाखवले आहे.

माझी अडचण अशी. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.८ व्होल्टवर धरलेला इलेक्ट्रोड प्रमाणित (ज्ञात संहतीच्या) द्रावणात संहती आणि प्रवाह यांची उत्तम सरळ रेषा देतो. धमनीवर १० हर्ट्झने ६० स्पंद दिले की काही पिकोअँपिअरची चढण दिसते आणि मग प्रवाह हळूहळू मूळ पातळीवर येतो. पण चढणीची उंची रोज निराळी येते. प्रत्येक प्रयोगानंतर मी इलेक्ट्रोड +२ आणि −२ व्होल्टच्या दरम्यान फिरवून स्वच्छ करते. त्यानंतर फेरोसायनाइडची (इलेक्ट्रोड तपासण्याचे नेहमीचे रसायन) दोन शिखरे एकमेकांपासून बरीच दूर जातात, म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव मंदावते. योहिंबिन (नॉरअॅड्रेनालिन सुटण्यावरचा लगाम सैल करणारे औषध) घातल्यावर चढण वाढली म्हणून मार्गदर्शक खूश झाले, परंतु नोंद नीट पाहिल्यावर लक्षात आले की स्पंद देण्यापूर्वीच पायाची रेषा (स्पंदाविनाचा मूळ प्रवाह) वर सरकली होती. आता सहमार्गदर्शक, जे शरीरक्रियाशास्त्राचे आहेत, विचारतात की चेतेतून नेमके किती नॉरअॅड्रेनालिन सुटले ते सांगा. हा आकडा मला सांगता येईल का?

एक गोष्ट सांगायची राहिली. प्रमाणित द्रावण दुपारपर्यंत गुलाबी होत असे, म्हणून त्यात १०० मायक्रोमोलर अॅस्कॉर्बिक आम्ल घालायला सुरुवात केली. त्यानंतर रंग येत नाही आणि सरळ रेषाही अधिक सुबक येते.

विद्युत्घट

शेवटच्या परिच्छेदावर मी येणारच आहे, पण आधी थराचे बोलू.

शुद्ध हिऱ्याचा ऊर्जापट्ट्यांमधला अंतराळ सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो, म्हणजे तो एरवी विद्युतरोधकच. बोरॉन घातला की तो पी-प्रकारचा अर्धवाहक होतो आणि दर घन सेंटीमीटरमागे १० चा २० वा घात ओलांडून बोरॉनचे अणू पुरेसे दाट झाले की त्याचे वागणे धातूसारखे होते. तुमच्या कामात हा फरक निर्णायक आहे, कारण बोरॉन कमी पडला तर द्रावणाला लागलेल्या पृष्ठाशी थराच्या आतच ऱ्हास-पट्टा (वाहक भार उरलेले नाहीत असा पट्टा) तयार होतो आणि तुम्ही लावलेल्या ०.८ व्होल्टपैकी काही भाग थरातच खर्ची पडतो. द्रावणातल्या रेणूला वाटणीला येते ते उरलेले. तेव्हा प्रत्येक तुकडीतला एक इलेक्ट्रोड बाजूला काढून धारितेच्या व्यस्त वर्गाचा विभवाशी आलेख काढावा. तो ठळक उतरती रेषा दाखवत असेल तर थर अजून अर्धवाहकच आहे, असे समजावे. रामन वर्णपटात १३३२ प्रति सेंटीमीटरच्या आसपासची हिऱ्याची रेषा एका बाजूला झुकून विरूप झालेली असेल, तर बोरॉन भरपूर गेला आहे, हेही लगेच कळते.

आता फेरोसायनाइड. हायड्रोजनमध्ये वाढलेल्या हिऱ्याच्या पृष्ठावरच्या कार्बन अणूंना हायड्रोजन चिकटलेला असतो. +२ व्होल्टला नेले की तो निघून त्याच्या जागी ऑक्सिजनयुक्त गट बसतात. फेरोसायनाइड या बदलाला फार संवेदनशील आहे, त्यामुळे तुम्ही ज्याला स्वच्छता म्हणता ती प्रत्यक्षात आंतरपृष्ठाची अदलाबदल आहे. खात्री हवी असेल तर हेक्साअमाइन रुथेनियम हे दुसरे तपासणीचे रसायन वापरून पाहावे. पृष्ठावर हायड्रोजन आहे की ऑक्सिजन याची त्याला फारशी पर्वा नसते. थराची विद्युतवाहकता बिघडली असेल तर दोन्ही रसायने मंदावतात आणि नुसते पृष्ठ बदलले असेल तर फक्त फेरोसायनाइड मंदावते. रोजची उंची निराळी येण्याचे अर्धे कारण मला इथेच दिसते. स्वच्छतेसाठी ऊर्ध्वपातित आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये वीस मिनिटे बुडवून ठेवणे पुरेसे आहे.

काठावरचा

विद्युत्घट यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, फक्त ऑक्सिजनयुक्त पृष्ठाला इतके वाईट ठरवू नये. अशा पृष्ठावर अॅस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीभवन बऱ्याच जास्त विभवाकडे सरकते, डोपामिनसारख्या कॅटेकॉलचे (नॉरअॅड्रेनालिनही त्याच गटातले) मात्र फारसे सरकत नाही. जपानमध्ये फुजिशिमा यांच्या गटाने हे दाखवले आहे. ऊतीत अॅस्कॉर्बेट (त्याच आम्लाचे आयनरूप) असतेच. मग ०.८ व्होल्टवर ते गप्प राहत असेल तर ते सोयीचेच नाही का? हिरकणीताईंनी मुद्दाम एकदा नीट ऑक्सिडीकरण करून तेच पृष्ठ कायम ठेवावे, असे मी सुचवेन.

विद्युत्घट

ते गप्प राहते हे खरे, परंतु नॉरअॅड्रेनालिन सोबत नसेल तेव्हाच. नॉरअॅड्रेनालिन दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन देऊन क्विनोन होते. जवळ अॅस्कॉर्बेट असेल तर ते या क्विनोनला पुन्हा नॉरअॅड्रेनालिन करून टाकते आणि तोच रेणू इलेक्ट्रोडवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा इलेक्ट्रॉन देतो. म्हणजे जे अॅस्कॉर्बेट थेट बोलत नाही ते नॉरअॅड्रेनालिनच्या तोंडून बोलू लागते. हिरकणीताईंची सरळ रेषा अॅस्कॉर्बिक आम्ल घातल्यावर अधिक सुबक झाली त्याचे रहस्य बहुधा हेच आहे. एक तर क्विनोन पुढे वलय बांधून पृष्ठावर काळपट पुटे चढवत नाही आणि दुसरे म्हणजे प्रवाह फुगतो. त्या फुगलेल्या रेषेने धमनीवरचा प्रवाह भागला तर संहती खऱ्यापेक्षा कमी निघेल आणि ऊतीतले अॅस्कॉर्बेट त्यात उलट दिशेने किती भर घालते ते कधीच कळणार नाही.

गुलाबी रंगावर उपाय सोपा आहे. साठ्याचे द्रावण ०.१ मोलर परक्लोरिक आम्लात, काळ्या बाटलीत, बर्फावर ठेवावे आणि मोजणीच्या पाच मिनिटे आधी क्रेब्ज द्रावणात (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारद्रावणात) विरल करावे. आम्लात कॅटेकॉल टिकते. क्रेब्जच्या ७.४ पीएचला, तेही त्यात ९५ टक्के ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेले असताना, ते टिकेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

जुना मास्तर

मी औषधशास्त्र शिकवत असे. हिऱ्याबद्दल काही बोलणार नाही. सहमार्गदर्शकांनी विचारलेल्या प्रश्नाबद्दल मात्र बोलले पाहिजे, कारण 'किती सुटले' आणि 'इलेक्ट्रोडपर्यंत किती पोचले' हे दोन निराळे प्रश्न आहेत.

अनुकंपी चेतेचा तंतू धमनीच्या बाह्य आवरणातून जाताना माळेतल्या मण्यांसारखा जागोजागी फुगलेला असतो आणि प्रत्येक फुगवट्यात नॉरअॅड्रेनालिनच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) भरलेल्या असतात. स्पंद आला की प्रत्येक फुगवट्यातून एक पुटिका रिकामी होते, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. ब्रॉक आणि कनेन यांनी १९८७ साली गिनीपिगच्या शुक्रवाहिनीवर अगदी जवळून केलेल्या नोंदींतून दिसले की स्पंद फुगवट्यापर्यंत बिनचूक येतो, पण पुटिका क्वचितच सुटते. हे प्रमाण शंभर स्पंदांत एखाद-दोन वेळा इतकेच असते. म्हणजे तुमचे ६० स्पंद होऊनही टोकाजवळच्या बऱ्याच फुगवट्यांतून काहीच सुटलेले नसते. तुम्हाला दिसणारी सुबक चढण ही शेकडो फुगवट्यांच्या तुटक सुटण्याची बेरीज आहे.

त्या बेरजेतूनही मोठा वाटा चेता स्वतःच परत शोषून घेते. ज्युलियस अॅक्सेलरॉड यांना हे पुनर्ग्रहण दाखवल्याबद्दल १९७० चे नोबेल मिळाले. सोबत उल्फ फॉन ऑयलर होते, ज्यांनी १९४६ मध्ये अनुकंपी चेतेचा प्रेषक नॉरअॅड्रेनालिन असल्याचे ओळखले, आणि पुटिकांचा हिशेब मांडणारे बर्नार्ड कॅट्झ. तिघांची नावे एकत्र आली हा योगायोग नव्हे. तुमचा एकच प्रवाह वाचायला तिघांचेही काम हाताशी लागते.

म्हणून प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे बंद करून पाहा. टेट्रोडोटॉक्सिनने चेतेचा स्पंद बंद करा. तरीही चढण उरली तर ती विजेच्या धक्क्याची आहे. एन-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या कोनोटॉक्सिनने बंद करा. अनुकंपी टोकांत पुटिका सुटण्यासाठी मुख्यत्वे त्याच लागतात. पुनर्ग्रहण बंद करण्यासाठी जुने शोधनिबंध कोकेन वापरतात, पण आपल्याकडे त्याचा परवाना मिळवण्यात तुमचे एक सत्र जाईल आणि शिवाय ते सोडियम वाहिन्याही बंद करते, तेव्हा डेसिप्रामिन घ्या. चढण वाढली पाहिजे आणि उतार लांबला पाहिजे. उतार लांबला नाही तर मला शंका येईल.

पुटिका रिकाम्या करून पाहण्यासाठी रेसर्पिन आहेच. ते आपल्या सर्पगंधेतलेच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मांडले तेव्हा ते पुटिकांत नॉरअॅड्रेनालिन भरू देत नाही, हे अजून उलगडायचे होते. आदल्या दिवशी रेसर्पिन दिलेल्या उंदराच्या धमनीवर तुमचा इलेक्ट्रोड मुका झाला, तर माझे निम्मे प्रश्न मिटतील.

आता योहिंबिन. चेतेच्या टोकावरच अल्फा-२ ग्राही (नॉरअॅड्रेनालिन ओळखणारी प्रथिने) असतात आणि सुटलेले नॉरअॅड्रेनालिन त्यांना चिकटले की पुढचे सुटणे आवरले जाते. योहिंबिनने हा लगाम सैल होतो. क्लोनिडिन त्याच ग्राहींना उलट चेतवते, म्हणून त्याने चढण घटली पाहिजे. यात लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे लगाम ओढला जायला आधी थोडे नॉरअॅड्रेनालिन साचावे लागते. एकाच स्पंदावर योहिंबिनचा परिणाम जवळजवळ दिसू नये आणि लांब मालिकेत तो ठळक व्हावा. तुम्हाला एका स्पंदावरही वाढ दिसत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

विद्युत्घट

त्याचे एक कारण मी सांगतो. योहिंबिनमध्ये इंडोलचे वलय आहे आणि इंडोल स्वतः ऑक्सिडीभूत होऊ शकते. पायाची रेषा आधीच वर सरकली ती त्यामुळे असू शकते. धमनी न ठेवता, नुसत्या क्रेब्जमध्ये तेवढेच योहिंबिन घालून पाहावे. रेसर्पिनमध्येही इंडोल आहे, पण मास्तर ते आदल्या दिवशी उंदराला द्यायला सांगतात, द्रावणात नव्हे, तेव्हा तिथे ही अडचण नाही.

काठावरचा

अॅस्कॉर्बेटच्या मुद्द्यावर माघार घेतो. क्विनोनमार्गे येणारा प्रवाह मी धरला नव्हता. एक वेगळी चाचणी सुचवतो, तिला औषध लागत नाही. इलेक्ट्रोड धमनीपासून ५० मायक्रोमीटर मागे घ्या. नॉरअॅड्रेनालिनसारख्या रेणूला विसरणाने तेवढे अंतर जायला साधारण दोन सेकंद लागतात, म्हणून खरी चढण लहानही होईल आणि उशिराही येईल. विजेचा धक्का असेल तर तो त्याच क्षणी येईल.

जुना मास्तर

उत्तम चाचणी आहे, पण धमनी आकुंचन पावते हे विसरू नका. स्पंद देताच तिचा व्यास घटतो आणि भिंत टोकापासून सरकते, म्हणजे तुम्ही जागेवर ठेवलेले अंतर जागेवर राहत नाही. प्राझोसिनने धमनी आकसवणारे अल्फा-१ ग्राही बंद करा. त्याच चेतांतून एटीपी हे दुसरे संदेशवाहक रसायनही सुटते आणि तेही भिंत आकसवते, म्हणून त्याचा परिणाम रोखायला सोबत सुरामिन घाला. एटीपी तुमच्या इलेक्ट्रोडला ०.८ व्होल्टवर दिसत नाही, त्यामुळे ते सुटत नाही असा निष्कर्ष मात्र काढू नका.

हिरकणी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

फेरोसायनाइड मंद आणि हेक्साअमाइन रुथेनियम जसेच्या तसे निघाले, म्हणजे थर ठीक होता, पृष्ठ मीच बदलत होते. आता फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते. अॅस्कॉर्बिक आम्लाशिवायची रेषा आधीच्या रेषेपेक्षा बरीच कमी चढाची निघाली, तेव्हा जुन्या सगळ्या संहती पुन्हा मोजाव्या लागतील. नुसत्या क्रेब्जमध्ये योहिंबिनने पाया सरकला. तेवढा वजा केल्यावरही ६० स्पंदांच्या मालिकेत वाढ उरली आणि एका स्पंदावर ती नाही, हे मास्तरांनी सांगितल्याप्रमाणेच झाले. टेट्रोडोटॉक्सिनने चढण गेली, पण पूर्ण नाही. पहिल्या स्पंदाबरोबर येणारा एक बारीक टोकदार भाग उरला आणि ५० मायक्रोमीटर मागे घेऊनही तो वेळेत हलला नाही. तो आता वेगळा काढते आहे. रेसर्पिनच्या प्रयोगाला प्राणी-नैतिकता समितीची परवानगी यायची आहे.

सहमार्गदर्शकांना मी 'किती सुटले' याऐवजी 'इलेक्ट्रोडच्या टोकापाशी किती उरले' असे लिहून दिले. त्यांनी शीर्षक बदलायला सांगितले आहे.