एक्स्पोर्टला लावलं की पीसी खटकन बंद: तापतोय की एसएमपीएस गेला?

परळ_एडिट
असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. कोअर आय५ १०४००एफ प्रोसेसर, बॉक्समध्ये आलेलाच कूलर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस. मशीनला ४ वर्षं झाली. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की वीस-पंचवीस मिनिटांत बंद. निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींत) कर्नल-पॉवर ४१ दिसतं. कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात, खोलीत एसी नाही. सुरुवात कुठून करू?

सर्किट_गिरगाव
४१ वरून कारण कळत नाही. विंडोज नीट बंद न होता मशीन पडलं, एवढंच त्याचा अर्थ. त्यापेक्षा मशीन बंद कसं पडतं ते बघा.

मॉनिटर त्याच यूपीएसवर आहे ना? पीसी पडतो त्या क्षणी मॉनिटरचा दिवाही विझला तर यूपीएस ट्रिप होतोय, बहुधा बॅटरी संपत आली असेल. मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवत चालू राहिला तर दोष कॅबिनेटच्या आत आहे.

मग एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिंग (नोंद) चालू ठेवून एक्स्पोर्ट लावा आणि लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसरचं तापमान, त्याचा वेग आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान असे तीन आकडे लागतील. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथे पोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग उतरवतो, गरज पडली तर २.९ गिगाहर्ट्झच्या बेसच्याही (मूळ वेगाच्याही) खाली. थेट बंद होण्याची वेळ त्याच्याही बरीच वर येते. म्हणून ७०-७५ अंशांवर मशीन पडत असेल तर प्रोसेसरला दोष देऊ नका, एसएमपीएसकडे वळा.

परळ_एडिट
मॉनिटर चालू राहतो. नुसतं सुरू असताना ५९ अंश. एक्स्पोर्ट लावल्यावर दोन मिनिटांत १००, आणि वेग २.३ वर येतो. ग्राफिक्स कार्ड ६४.

मुलुंड_बेंच
कूलरचा पंखा फिरत असेल तर कूलर प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही. नुसत्या धुळीने रिकामं मशीन सहसा ५९ वर जात नाही. या कूलरला प्लास्टिकच्या चार पुश-पिना असतात आणि त्यातली एखादी सुटणं हा त्याचा जुनाच दोष. एक कोपरा उचलला गेला की मधली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) असून उपयोग नाही.

प्लग काढा, कॅबिनेट आडवं करा, पंख्याची वायर मदरबोर्डवरून सोडवा. पिनांची डोकी बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा आणि कूलर हलकेच पिळून उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, धागे न सोडणारं फडकं घ्या. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. दोन्ही वस्तू लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. पिना बाणाच्या उलट फिरवून पूर्ववत करा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन दाबा. चारही वेळा 'टक' आवाज यायलाच हवा. कूलर ओढून बघा, जरासाही हलता कामा नये.

कूलर हातात आहे तोवर हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा. आपल्याकडच्या दमट हवेत ती चिकटून थर होतो, त्यात फोडणीचा तेलकट धूर. नुसत्या ब्लोअरने निघत नाही, रंगकामाचा कोरडा ब्रश लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

परळ_एडिट
खालची डावी पिन अर्धी वर आली होती! आता रिकामं ४२, एक्स्पोर्टला ७४, वेग ४.० वर टिकतो. पण काल सव्वा तासाने परत बंद. लॉगमध्ये शेवटचा आकडा ७५. आणि लगेच चालू होत नाही, मागचा स्विच बंद करून थोडं थांबावं लागतं.

सर्किट_गिरगाव
म्हणजे दोष दोन होते. पिनेचा गेला, हा एसएमपीएसचा. मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही याचा अर्थ त्याचं संरक्षण लागून अडकतंय.

एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाशी असेल तर तो हवा खालून ओढतो. तिथली जाळी काढून धुवा, पूर्ण वाळवून बसवा. पंखा फिरतोय का, तेही बघा. टेबलाची मागची फळी काढा आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. मे महिन्यात खोलीच ३३-३४ अंशांवर असते. कोंडलेल्या कप्प्यात पंखे तीच गरम हवा पुन्हा आत ओढतात.

एवढं करूनही पडला तर एक्स्पोर्ट चालू असताना मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार पिनांच्या प्लगच्या) पिवळ्या आणि काळ्या तारेत मल्टिमीटर लावा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदला. आकडा आत राहिला तरी तो निर्दोष ठरत नाही, क्षणभराची घसरण मीटर दाखवत नाही. खात्री हवी तर कुणाचा तरी चांगला एसएमपीएस लावून तोच एक्स्पोर्ट दोन तास चालवा. जुना मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

मुलुंड_बेंच
नवा घ्यायचा तर ५०० ते ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) पुरे, तुमच्या मशीनला त्याहून जास्त लागत नाही. आणि मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. टोकं सारखी दिसली तरी एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना वेगळी असू शकते, हार्ड डिस्क जळते.