मदत हवी आहे: संधिवाताचं इंजेक्शन आणि दबलेला टीबी

आईच्या संधिवातासाठी टीएनएफ (शरीरात सूज वाढवणारं एक प्रथिन) रोखणारं इंजेक्शन सुरू करायचंय. त्याआधी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी सांगितली. खोकला-ताप काहीच नाही, म्हणून थोडं वाचलं. मॅक्रोफेज ही रोगप्रतिकारक पेशी क्षयाचा जंतू गिळते, पण तो पचत नाही. पेशीतल्या पचवणाऱ्या पिशव्या, म्हणजे लायसोसोम, तो आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. बेरकीच आहे! मग भोवती पेशी जमून गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, बनते आणि जंतू आत वर्षानुवर्षं दबून राहतो. टीएनएफ अडवला की गाठ ढिली पडते, इथपर्यंत कळलं.

पण मॅक्रोफेजला चेतवायला टी-पेशींचा (याही रोगप्रतिकारक पेशीच) इंटरफेरॉन गॅमा हा संदेश देणारा रेणू असतोच ना? मग एकट्या टीएनएफवाचून एवढं का बिघडतं? मायक्रोबायोलॉजीवालं कुणी सोपं करून सांगेल का? तपासण्या करतोच आहोत, त्याबद्दल शंका नाही.