पॅडलबोर्डवर लाइफ जॅकेट अंगातच घालावं लागतं का? शनिवारच्या आत सांगा

तळ्याकाठी: रविवारी तळ्यावर बोर्ड घेऊन गेलो होतो. गस्तीच्या बोटीतल्या अधिकाऱ्याने काठावर परत पाठवलं. जॅकेट नव्हतं असं नाही, बोर्डवर बांधलेलं होतं! पायाला लीश (बोर्डला जोडून ठेवणारी दोरी) होता, मला पोहताही उत्तम येतं. अमेरिकेत उभ्याने वल्हवायच्या फळीला नेमका काय नियम आहे? कमरेचा फुगणारा पट्टा घेतला तर भागेल का? शनिवारी परत जायचंय.

रेवा: राज्य कुठलं?

वल्हेकर: राज्य कुठलंही असो. तटरक्षक दलाने २००८ मध्येच पॅडलबोर्डला जलयान ठरवलंय. पोहण्यासाठी किंवा सर्फिंगसाठी राखलेल्या पट्ट्याबाहेर गेलात की बोटीचे नियम लागू. माणशी एक मान्यताप्राप्त जॅकेट आणि एक शिट्टी जवळ हवी. मोठ्यांनी ते घातलंच पाहिजे असं केंद्राचा नियम सांगत नाही. अधिकारी चुकला. मी आठ वर्षं बोर्डवरच बांधतो.

निनाद७: आणि पाण्यात पडल्यावर? गेल्या वर्षी माझा लीश तुटला, वाऱ्याने बोर्ड पुढे नेला आणि त्याच्याबरोबर जॅकेटही. चांगल्या पोहणाऱ्याचीही दमछाक होते. घालायचंच.

वल्हेकर: त्यांनी नियम विचारलाय, सल्ला नाही.

निनाद७: बुडताना नियम वाचत बसणार का?

मीनल_क: तुमचं वजन किती? बोर्ड अरुंद असेल तर मुळात तोलच जातो. ३२ इंच रुंदीचा घ्या, तोल सावरणं सोपं जाईल.

तळ्याकाठी: बोर्ड बदलायचा नाहीये. न्यूयॉर्क राज्य, शांत तळं. मुलगी पुढे बसते, तिचंही जॅकेट बांधलेलंच होतं.

रेवा: मुलगी बरोबर होती हे आधी सांगायचं ना! वय किती? आणि एप्रिलमध्ये गेला होतात?

तळ्याकाठी: ११. हो, एप्रिलच चालू आहे.

रेवा: मग अधिकारी बरोबर होता, दोन्ही बाबतींत. न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांपेक्षा लहान कुठल्याही नावेत प्रत्येकाने जॅकेट घालायचं असतं, वय काहीही असो. बारा वर्षांखालच्या मुलांना तर बारा महिने. एप्रिलमध्ये हवा उबदार लागते, पण पाणी हिवाळ्याचंच असतं. गार पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटाला श्वास आवरत नाही आणि दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. तेव्हा बांधलेलं जॅकेट सोडवणार कोण? पट्ट्याचंही तेच. दोरी ओढायची, फुगलेला भाग डोक्यातून घालायचा, तेही बधिर बोटांनी. शिवाय फुगणारी जॅकेटं सहसा १६ वर्षांखालच्यांसाठी मान्य नसतात. मुलीला फोमचं, तिच्या वजनाचं घ्या. घातल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे.

वल्हेकर: न्यूयॉर्कचा हिवाळी नियम माझ्या लक्षात नव्हता. अधिकाऱ्याबद्दलचं वाक्य मागे घेतो.

सागरवेडा: अवांतर: नदीत पायाचा लीश चालतो का?

निनाद७: अजिबात नको! फांदीत अडकला तर प्रवाहात पायापर्यंत हात पोचत नाही. कमरेला, एका झटक्यात सुटणारा लावा.

तळ्याकाठी: दोघांसाठी फोमची घेतो. १ मेनंतर माझं बोर्डवर ठेवलं तर?

रेवा: कायद्याने चालेल. तिचं मात्र बारा पूर्ण होईपर्यंत अंगातच.